बी.ए. कुठून करावे : विठ्ठलवाडी ते बदलापूर पट्ट्यासाठी एक मार्गदर्शिका

बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले आणि रात्री जेवताना मुलीने जाहीर केलं की तिला आर्ट्सला जायचंय. अशा वेळी घरातल्या मोठ्यांनी गडबडून जाऊ नये. आधी ताटातला भात संपवावा. ‘म्हणजे चित्रकला का?’ हा प्रश्न आजोबांना विचारू द्यावा, तो कोणीतरी विचारणारच असतो. ‘बी.ए. करून पुढे काय?’ हा प्रश्न बाबांनी दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवावा. त्यानंतरच ही मार्गदर्शिका उघडावी.

मार्गदर्शिकेची हद्द उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. पुण्याजवळ लवळ्याच्या टेकडीवर फ्लेम विद्यापीठ आहे, विमाननगरला सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्सचं स्कूल आहे. तिथे अर्थशास्त्राबरोबर नाटकही शिकता येतं आणि त्यासाठी घरच्यांना बँकेचं कर्ज काढता येतं. तिथे जाणाऱ्यांच्या दिमतीला करिअर समुपदेशक असतात. आपल्या दिमतीला शेजारी असतात. म्हणून शास्त्रशुद्ध पद्धतीची गरज आपल्यालाच जास्त.

पायरी पहिली : कॉलेजं मोजा

उल्हासनगर कॅम्प नंबर तीनला, स्टेशनसमोर, श्रीमती चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालय आहे. एवढं नाव घेईपर्यंत शेअर रिक्षा भरून निघून जाते, म्हणून सगळे ‘सीएचएम’ किंवा नुसतं ‘चांदीबाई’ म्हणतात. तीन नंबरलाच आर. के. तलरेजा. अंबरनाथ पश्चिमेला एसआयसीईएस, म्हणजे साउथ इंडियन चिल्ड्रन्स एज्युकेशन सोसायटीचं. बदलापूरला, कागदोपत्री कुळगाव-बदलापूरला, आदर्श विद्या प्रसारक संस्थेचं. याशिवाय शाळेच्या वरच्या मजल्यावर सकाळी भरणारी नवी कॉलेजं आहेत. त्यांची पाटी शोधण्यापेक्षा खाली मुलांच्या बाइक मोजाव्यात. आणि कल्याणला १९७२ पासून बिर्ला कॉलेज आहेच, ज्याच्याशी या सगळ्यांची तुलना घरोघरी होते.

लागोपाठच्या तीन स्टेशनांत सिंध्यांनी काढलेलं, दाक्षिणात्यांनी काढलेलं आणि मराठी माणसांनी काढलेलं अशी कॉलेजं सापडतात, हे काही उगीच झालेलं नाही. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबांना या बराकींत आणून ठेवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वस्तीचं बारसं झालं. पडदे लावून एकेक बराक वाटून घेणाऱ्या या समाजाच्या हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने १९४९ मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज काढलं, १९५४ मध्ये चर्चगेटला के. सी., आणि १९६५ मध्ये उल्हासनगरला सीएचएम. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि इतर कारखाने आले, त्यांच्या मागोमाग साऱ्या देशातून माणसं आली, आणि पोरं मोठी झाल्यावर त्यांनाही शाळा-कॉलेज लागलं.

ही माहिती प्रवेश फॉर्मवर कुठेही विचारत नाहीत. तिथे विचारतात तो कोटा. भाषिक अल्पसंख्याक संस्थेत जागांचा मोठा हिस्सा त्या भाषकांसाठी असतो, शिवाय इनहाऊस आणि मॅनेजमेंट कोटा. तरी आर्ट्सवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. कॉमर्सच्या यादीखाली पालक एकमेकांच्या पायावर पाय देत उभे असतात, तेव्हा आर्ट्सच्या यादीखाली वॉचमन खुर्ची टाकून बसलेला असतो.

याच ठिकाणी एक स्थापत्यविषयक गोष्ट नोंदवून ठेवावी. ‘कॉलेज ऑफ आर्ट्स, सायन्स अँड कॉमर्स’ या पाटीत आर्ट्सला पहिला मान असतो, लग्नपत्रिकेत कुलदैवताला असतो तसा : नाव सगळ्यात वर, पंगतीत मात्र कोणी विचारत नाही. आत गेल्यावर तळमजला कॉमर्सचा, एसी लॅब आयटीची, नवा रंग दिलेला मजला बीएमएसचा, आणि आर्ट्स कुठे म्हणून विचारलं की शिपाई बोट वर करतो. वर म्हणजे तिसरा मजला, पॅसेजच्या टोकाला, बाथरूमच्या अलीकडे.

पायरी दुसरी : अप की डाऊन ते ठरवा

कॉलेज निवडण्याचा खरा ग्रंथ म्हणजे लोकलचं टाइमटेबल. कर्जत मार्गावर कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं येतात. सकाळी सगळं जग अपला, म्हणजे मुंबईकडे जातं. अंबरनाथचे नोकरदार बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटे बदलापूरला जातात आणि तिथून सुटणारी गाडी पकडतात. यावरून सुज्ञांनी काय ते समजावं : कॉलेज घरापासून डाऊन दिशेला असावं. उल्हासनगरच्या मुलाने बदलापूरला प्रवेश घेतला तर त्याला तीन वर्षं खिडकी मिळेल. बदलापूरच्या मुलीने उल्हासनगरला घेतला तर तिला दोनच स्टेशनं जायचंय. पण अपच्या लेडीज डब्यात दोन स्टेशनांसाठी चढणं आणि वेळेवर उतरता येणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, त्याचं क्रेडिट विद्यापीठाने अजून दिलेलं नाही.

उल्हासनगरला जाणाऱ्यांनी हेही पाहावं की या शहराला एक स्टेशन पुरत नाही. एक नंबरवाल्यांना शहाड जवळ, आणि ते कसारा मार्गावर. तीन नंबरला उल्हासनगर स्टेशन. चार नंबरवाला विठ्ठलवाडी की उल्हासनगर यावर अर्धा तास बोलू शकतो. नवख्या पालकाने ‘उल्हासनगरचं कॉलेज’ एवढंच ऐकून शहाडला उतरू नये. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या चिखलोली स्टेशनच्या भरवशावर तर कॉलेज मुळीच निवडू नये. ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमची पीएच.डी. होऊन जाईल.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. तेव्हापासून ‘मॅडम, पाणी भरलंय’ ही सबब या मार्गावर निर्विवाद मानली जाते. मात्र ती नोव्हेंबरात वापरू नये.

आता विद्यार्थी सवलतीचा पास. कॉलेज ऑफिसात कन्सेशनचा फॉर्म मिळतो आणि पास फक्त घरच्या स्टेशनापासून कॉलेजच्या स्टेशनापर्यंतच निघतो. माटुंग्याच्या रुईयात प्रवेश मिळालेल्या मित्राचा पास थेट माटुंग्यापर्यंत चालतो. बदलापूरकराच्या दृष्टीने मुंबईतल्या कॉलेजचा हाच मुख्य शैक्षणिक लाभ होय.

पायरी तिसरी : जाणकारांचं मत घ्या

जाणकार म्हणजे ज्यांनी त्या कॉलेजात कधी पाऊल ठेवलेलं नाही अशी मंडळी. बिल्डिंगमधले काका ‘तिथलं वातावरण काही चांगलं नाही’ म्हणतील. वातावरण म्हणजे काय हे त्यांना विचारू नये, त्यांनाही ते ठाऊक नसतं. डोंबिवलीची आत्या ‘आमच्याकडे पाठवा की’ म्हणेल. तिलाही ते ऐनवेळी अडचणीचं ठरेल, म्हणून हसून विषय बदलावा. आत्येभाऊ म्हणेल, ‘कुठूनही कर, डिग्री शेवटी मुंबई विद्यापीठाचीच.’ हे वाक्य अर्धं खरं आहे. डिग्रीवर १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचं नाव असतं, पण १८५७ चं विद्यापीठ सोमवारी सकाळी आठच्या लेक्चरला येत नाही. तिथे दुसरं कोणीतरी यावं लागतं. त्या कोणाबद्दल सातव्या पायरीत.

पायरी चौथी : नॅकची पाटी वाचा

कॉलेजच्या गेटवर नावाच्या अक्षरांहून मोठ्या अक्षरांत नॅकची श्रेणी लिहिलेली असते. नॅक ही १९९४ साली स्थापन झालेली बेंगळुरूची संस्था, कॉलेजांना चारपैकी गुण देते. ३.५१ पासून वर ए डबल प्लस, पुढे उतरत उतरत सी पर्यंत. श्रेणी बघायला हरकत नाही, फक्त ती कोणत्या साली मिळाली हेही बघावं. काही बॅनर उन्हाने इतके उडालेले असतात की बी आहे की ए, हे श्रद्धेवर सोडावं लागतं.

कॉलेज बघायला नॅकची समिती येण्याच्या आठवड्यात कधीही जाऊ नये. त्या दिवसांत कुंड्या असतात, नळाला पाणी असतं, जिमखान्यात कॅरमच्या सोंगट्या पूर्ण असतात आणि शिपाई ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो. असं कॉलेज पाहून घेतलेला निर्णय पुढे तीन वर्षं छळतो.

पायरी पाचवी : विषय निवडा, म्हणजे जे उरलेत ते

पूर्वी पहिल्या वर्षाला तीन ऐच्छिक विषय घ्यायचे, दुसऱ्याला त्यातले दोन, तिसऱ्याला एक किंवा दोन, असं साधं प्रकरण होतं. २०२४-२५ पासून विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. आता मेजर असतं, मायनर असतं, ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह असतं; शिवाय व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी. या सगळ्यांची दर सेमिस्टरला बावीस क्रेडिट्स, तीन वर्षांची १३२, चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलं तर १७६. एका वर्षाने सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. धोरण उत्तम आहे. कागदावर बदलापूरच्या मुलीला लवळ्याच्या टेकडीवरच्या मुलीइतकंच स्वातंत्र्य मिळालं आहे. हे स्वातंत्र्य प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहायला काउंटरवर जावं.

‘मॅडम, सायकॉलॉजी आहे ना?’

‘आहे.’

‘मेजरला?’

‘मेजरला नाही. ओईला.’

‘मग मेजरला काय काय आहे?’

‘हिस्ट्री, इकॉनॉमिक्स, मराठी. पोलिटिकल सायन्स होतं, सर रिटायर झाले.’

‘म्हणजे विषय बंद झाला?’

‘बंद कशाला होईल? विषय आहे. सर नाहीत.’

या संवादाचा अर्थ लावायला दोन शब्द शिकून घ्यावेत : ‘अनुदानित’ आणि ‘तासिका तत्त्वावर’. अनुदानित तुकडीचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी आणि पूर्णवेळ प्राध्यापक असण्याची शक्यता जास्त. त्याच कॉलेजात, त्याच भिंतीपलीकडे विनाअनुदानित तुकडी असते. तिथे फी जास्त. पूर्णवेळ प्राध्यापक निवृत्त झाला की ती जागा भरायला परवानग्या लागतात, आणि त्या येईपर्यंत तासागणिक पैसे घेऊन शिकवणारे सर येतात. हे सर सकाळी उल्हासनगरला, दुपारी कल्याणला आणि संध्याकाळी क्लासमध्ये शिकवतात. ते मनापासून शिकवतात, पण पुढच्या जूनमध्ये ते असतीलच असं त्यांनाही सांगता येत नाही. तेव्हा मेजर निवडताना विषय आवडतो का, हा प्रश्न दुय्यम. विषयाला माणूस आहे का, हा पहिला.

पायरी सहावी : हजेरीचा हिशेब करा

विद्यापीठाच्या ६०८६ क्रमांकाच्या अध्यादेशाप्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते. दीडशे जणांच्या कॉमर्सच्या वर्गात ही हजेरी मित्र लावतो. आर्ट्सच्या वर्गात नावं चाळीस, समोर बसलेली अठरा. इथे प्रॉक्सी लागत नाही. मॅडमना प्रत्येकाचा आवाज, घर आणि गाडी ठाऊक असते. ‘आज आठ-सतराने आलीस वाटतं,’ असं त्या उभ्या उभ्या म्हणतात. शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला पुढे बोलावतात आणि निबंध परत देताना फक्त सही नसते, लाल पेनाने तीन ओळी लिहिलेल्या असतात. त्यातली एक हमखास ‘हे गाईडमधलं आहे, तुझं काय म्हणणं आहे?’ अशी असते.

ज्यांना लपायचं आहे त्यांनी छोट्या कॉलेजात आर्ट्स घेऊ नये, मोठ्या कॉलेजात जावं. हा इशारा गांभीर्याने घ्यावा.

पायरी सातवी : शेवटची चाचणी

वरच्या सहा पायऱ्या सगळेच करतात. ही सातवी कोणी करत नाही, म्हणून ती जरा सविस्तर.

कॉलेजात जाऊन ऑफिसच्या खिडकीशी न थांबता वर जावं. तिसऱ्या वर्षाची मुलं पॅसेजमध्ये उभी असतात, त्यांना तीन प्रश्न विचारावेत. पहिला : या वर्षी तुम्हाला कोण शिकवतं, नाव सांगा. नावाआधी दोन सेकंद शांतता पडली तर पुढच्या कॉलेजकडे निघावं. दुसरा : लायब्ररीत कपाटापर्यंत जाऊ देतात, की काउंटरवर चिठ्ठी देऊन पुस्तक मागावं लागतं? तिसरा : सरांनी तुम्हाला शेवटचं बाहेर कधी नेलं? बाहेर म्हणजे लोणावळ्याला नव्हे.

हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण आर्ट्सचा अर्धा अभ्यासक्रम या तीन गावांत गेटबाहेर पडलेला आहे. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. तिथल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. या मंदिराची रेखाटनं करायला आणि साचे घ्यायला १८६८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी इथे येऊन राबले होते. आजचा इतिहासाचा विद्यार्थी मंदिराशेजारून रोज रिक्षाने जातो आणि परीक्षेसाठी खजुराहोवर टीप लिहितो. मंदिरालगत वालधुनी वाहते. ती उल्हासनगरला पोचेपर्यंत तिचं काय होतं, हा भूगोलाचा पेपर आहे, आणि तो नाकानेही सोडवता येतो. उल्हासनगरच्या जीन्सच्या गाळ्यांत एक पँट किती हातांतून जाते आणि प्रत्येक हाताला किती पैसे पडतात, हे अर्थशास्त्र. बराकींतल्या आजोबांची फाळणीची आठवण लिहून घेणं हे राज्यशास्त्र, आणि ती माणसं आता फार उरलेली नाहीत. बदलापूरच्या बारवी धरणाचं पाणी कोणाच्या कारखान्याला आणि नळाला जातं, जमीन कोणाची गेली, हे समाजशास्त्र. जांभळं विकायला स्टेशनबाहेर बसणाऱ्या आदिवासी बायका ज्या बोलीत आपसात बोलतात, ती मराठी विभागाची प्रयोगशाळा.

एकही बस न ठरवता, शेअर रिक्षाच्या भाड्यात हे सगळं दाखवणारे सर किंवा मॅडम ज्या कॉलेजात असतील, ते कॉलेज. गेटवर बी असो की ए डबल प्लस, आणि वर्ग बाथरूमच्या अलीकडे असो की पलीकडे.

शंकासमाधान

*मुंबईतलं नावाजलेलं कॉलेज मिळत असेल तर?*
जरूर जावं. फक्त जाण्यायेण्यात रोजचे अडीच-तीन तास गेल्यावर वाचायला किती उरतात हे कागदावर मांडून बघावं. गाडीत वाचता येतं असं म्हणणाऱ्यांनी बदलापूर फास्टमध्ये पुस्तक उघडून दाखवावं.

*घरी बसून बी.ए. केलं तर?*
मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी, संसार सांभाळणाऱ्यांसाठी दोन्ही उपयोगी. अठरा वर्षांच्या, दुपारी दोनपर्यंत झोपणाऱ्या मुलाने हा पर्याय विचारला असेल तर तो का विचारला हे सर्वांना कळतं.

*मैत्रीण जिथे जाईल तिथेच जायचं ठरवलंय. चालेल?*
फॉर्मवर कारण लिहायला जागा नसते, त्यामुळे अडचण नाही. पण मैत्रीण पहिल्या यादीनंतर बदलते, हे लक्षात असू द्यावं.

*बी.ए. करून पुढे काय?*
बाबांनी राखून ठेवलेला प्रश्न आला. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल हे ऐच्छिक विषय आहेत. कितीतरी मुलं आधी चार वर्षं इंजिनीअरिंग करतात आणि मग दिल्लीत खोली भाड्याने घेऊन हेच विषय अ-पासून शिकतात. तुमची मुलगी तेच चार वर्षं आधी, अनुदानित फीमध्ये आणि घरच्या डब्यावर शिकू पाहते आहे. तिला अडवायचं तर निदान हिशेब करून अडवावं.

*सगळं करूनही दोन कॉलेजं सारखीच वाटली तर?*
दोन्हीकडे विभागप्रमुखांना भेटावं. एक जण आपल्या विभागाचा निकाल किती टक्के लागतो ते सांगेल. दुसरीकडच्या मॅडम मुलीलाच उलट विचारतील, ‘सध्या काय वाचतेस?’ ती गडबडेल, बाबा तिच्या वतीने उत्तर द्यायला पुढे सरसावतील, आणि मॅडम हात वर करून त्यांना थांबवतील. तिथे फी भरावी. आणि कन्सेशनचा फॉर्म त्याच दिवशी मागून घ्यावा, कारण ती खिडकी अकरा ते बारा एवढीच उघडी असते आणि आत्ता पावणेबारा झालेत.